रुग्णालयीन सेवांचे नियमन

आजारी, जखमी अथवा प्रसूत होणाऱ्या व्यक्तीस आवश्यक ती रुग्णालयीन सेवा वेळेवर आणि तिला झेपेल अशा खर्चात मिळावी, यासाठी शासन रुग्णालयांवर जी वैधानिक बंधने घालते आणि त्यांच्या पालनावर जी देखरेख ठेवते, त्या व्यवस्थेस रुग्णालयीन सेवांचे नियमन असे म्हणता येईल. नोंदणी, आपत्कालीन उपचाराचे कर्तव्य, दुर्बल घटकांसाठी खाटांचे आरक्षण, सेवा अखंड चालू ठेवण्याची सक्ती, दरनियंत्रण आणि शासकीय विमा ही या नियमनाची प्रमुख साधने होत. औषधांची शुद्धता, वैद्यकांची पात्रता किंवा उपचारांची गुणवत्ता यांचे नियमन हा याच्याशी संलग्न परंतु वेगळा विषय आहे [→ रुग्णालय]. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील व्यवस्थेचा विचार केला असून तिच्या प्रत्यक्ष स्वरूपासाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर या औद्योगिक पट्ट्याचे उदाहरण घेतले आहे.

‘अत्यावश्यक सेवा’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. वैद्यकीय दृष्ट्या, जी न मिळाल्यास जीव अथवा अवयव गमावण्याचा धोका असतो ती सेवा अत्यावश्यक होय, उदा., अपघातातील रक्तस्राव थांबविणे, अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया, रक्त व प्राणवायूचा पुरवठा, सर्पदंशावरील प्रतिविष, अतिदक्षता विभागातील शुश्रूषा. कायद्याच्या परिभाषेत मात्र, जी बंद पाडण्यास शासन मनाई करू शकते अशी सेवा म्हणजे अत्यावश्यक सेवा. पहिल्या अर्थाने रुग्णाचा हक्क सूचित होतो, तर दुसऱ्या अर्थाने कर्मचाऱ्यांवरील बंधन.

नियमनाची गरज : सामान्य वस्तू महाग वाटल्यास ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. गंभीर रुग्णाला ही मुभा नसते. आजार कोणता, उपचार कोणता आणि त्याचा खर्च किती, हे तिन्ही सेवा देणाराच ठरवितो आणि विचार करण्यास वेळही नसतो. अशा वेळी अनामत रकमेची अट, खाट रिकामी नसल्याचे उत्तर किंवा पोलिसांकडून आधी कागदपत्र आणण्याची सूचना यांपैकी कोणतेही एक कारण रुग्णाला परत पाठविण्यास पुरेसे होते. खाजगी रुग्णालयांचे प्रमाण जसजसे वाढत गेले, तसतसा या प्रश्नाचा संबंध केवळ शासकीय रुग्णालयांच्या संख्येशी न राहता खाजगी संस्थांच्या कर्तव्याशीही जोडला गेला.

संविधानिक आधार : सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हा विषय भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत (नोंद ६) आहे. त्यामुळे रुग्णालयांविषयी कायदे करण्याची मुख्य जबाबदारी राज्यांवर येते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ४७ मध्ये म्हटले आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. आरोग्यसेवेचा हक्क संविधानात शब्दशः नाही. तो अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातून न्यायालयीन निर्णयांनी विकसित झाला.

शुश्रूषागृहांची नोंदणी : सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात, खर्च देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले. शासनाने स्वतः रुग्णालये उभारावीत यावर त्या अहवालाचा भर होता. खाजगी संस्थांविषयीचा पहिला महत्त्वाचा कायदा तत्कालीन मुंबई प्रांतात झाला. तो म्हणजे मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. आजारी, जखमी वा अशक्त व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी जागा, अशी शुश्रूषागृहाची व्याख्या त्यात असून प्रसूतिगृहांचाही तीत अंतर्भाव होतो. नोंदणीशिवाय शुश्रूषागृह चालविण्यास मनाई करण्यात आली. चालक अयोग्य असल्यास किंवा पात्र वैद्यक वा परिचारिका नसल्यास नोंदणी नाकारण्याचा, तसेच संस्थेची तपासणी करण्याचा व नोंदणी रद्द करण्याचा अधिकार स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्यास देण्यात आला. शासनाची व स्थानिक संस्थांची रुग्णालये मूळ कायद्यातून वगळण्यात आली होती.

हा कायदा मुख्यतः संस्थेच्या पात्रतेचा विचार करणारा होता. रुग्णाला प्रवेश मिळावा, दर आधी कळावेत किंवा तक्रारीची सोय असावी, यांविषयी त्यात काही नव्हते. २००५ साली त्यात दुरुस्ती करून शिक्षेच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. रुग्णाच्या हक्कांना नियमांत स्पष्ट स्थान मिळाले ते जानेवारी २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित नियमांनी. त्यांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागी लावणे शुश्रूषागृहांवर बंधनकारक झाले, तसेच पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याने तक्रार निवारण कक्ष स्थापून त्यासाठी निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ठेवावा असे ठरले. दर किती असावेत हे मात्र नियम सांगत नाहीत. ते जाहीर असावेत, एवढीच त्यांची अट आहे.

महानगरपालिकेच्या क्षेत्रात महानगरपालिकेचा आरोग्य अधिकारी, नगरपरिषदांच्या क्षेत्रात जिल्हा शल्यचिकित्सक आणि ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकारी हे पर्यवेक्षी प्राधिकारी असतात. परिणामी लोहमार्गाने अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या शहरांतही हे काम वेगवेगळ्या कार्यालयांकडे जाते. उल्हासनगर येथे १९९६ पासून महानगरपालिका असल्याने तेथील खाजगी रुग्णालयांची नोंदणी ती करते. अंबरनाथ आणि कुळगाव–बदलापूर येथे नगरपरिषदा असल्याने त्यांच्या हद्दीतील रुग्णालये ठाण्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात.

केंद्र शासनाने २०१० साली वैद्यकीय आस्थापना (नोंदणी व नियमन) अधिनियम संमत केला. आपत्कालीन स्थितीत आलेल्या रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यासाठी आवश्यक ते उपचार देणे ही त्यात नोंदणीचीच अट मानली आहे. विषय राज्य सूचीतील असल्याने संबंधित राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून स्वीकारल्याशिवाय हा अधिनियम तेथे लागू होत नाही. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चाच कायदा दुरुस्त्यांसह चालू आहे.

आपत्कालीन उपचाराचे कर्तव्य : परमानंद कटारा वि. भारतीय संघराज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली असा निर्णय दिला, की जखमी व्यक्तीचा जीव वाचविणे हे शासकीय वा खाजगी प्रत्येक वैद्यकाचे कर्तव्य असून पोलिसी वा अन्य कार्यपद्धतीच्या नावाखाली त्यास विलंब करता येणार नाही. अपघाताचे प्रकरण ‘पोलिसांचे’ म्हणून परत पाठविण्याची प्रथा त्या काळी सर्रास होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १३४ मध्येही वाहनाच्या चालकावर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे आणि १९९४ च्या दुरुस्तीने वैद्यकावर तत्काळ उपचार करण्याचे कर्तव्य टाकण्यात आले. बलात्कार व आम्लहल्ला यांना बळी पडलेल्या व्यक्तींवर सर्व रुग्णालयांनी तत्काळ व विनामूल्य उपचार करावेत, अशी तरतूद २०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत झाली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे.

शासकीय रुग्णालयांच्या संदर्भात १९९६ सालचा पश्चिम बंग खेत मजदूर समिती वि. पश्चिम बंगाल राज्य हा निर्णय मूलभूत मानला जातो. जुलै १९९२ मध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडून त्याच्या डोक्यास गंभीर इजा झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कलकत्त्यातील मोठ्या शासकीय रुग्णालयांपर्यंत त्यास एकामागून एक नेण्यात आले. परंतु कोठे खाट नाही, तर कोठे उपचाराची सोय नाही, या कारणांनी त्यास प्रवेश मिळाला नाही. अखेर खाजगी रुग्णालयात सु. १७,००० रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग असून पैशाची चणचण ही सबब राज्यास सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले व २५,००० रुपये भरपाई देवविली. प्राथमिक केंद्रांत रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची सोय असावी, रिकाम्या खाटांची माहिती केंद्रीय यंत्रणेकडून मिळावी आणि रुग्णवाहिका सुसज्ज असाव्यात, असेही त्यात सुचविले होते. मुंबई–कर्जत लोहमार्गावर गाडीतून पडून जखमी होणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीने या सूचनांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या सूचनांपैकी रुग्णवाहिकेचा भाग महाराष्ट्रात २०१४ साली प्रत्यक्षात आला. १०८ हा दूरध्वनी क्रमांक असलेली आणि वैद्यकासह येणाऱ्या ९३७ रुग्णवाहिकांची सेवा त्या वर्षी राज्यात सुरू करण्यात आली. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र शासनाने मे २०२५ पासून रोकडरहित उपचारांची योजना लागू केली असून तीनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत प्रत्येक जखमीस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. आपत्कालीन उपचार कर्तव्य म्हणून लादल्यावर त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नास या योजनेने एका मर्यादित क्षेत्रात उत्तर दिले आहे.

धर्मादाय रुग्णालये : सार्वजनिक न्यासांनी चालविलेल्या रुग्णालयांना शासनाकडून सवलतीची जमीन, वाढीव चटईक्षेत्र, करमाफी, अनुदान अशा स्वरूपाचे साहाय्य मिळते. त्या बदल्यात गरिबांसाठी काही सेवा राखून ठेवण्याचे बंधन मुंबई सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० (नंतरचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम) यात १९८५ साली घातलेल्या कलम ४१ कक ने आले. निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा विनामूल्य आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दराने, असे हे प्रमाण आहे. तरतुदीची अंमलबजावणी दीर्घकाळ ढिली राहिली. तिच्याविषयीच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये तपशीलवार योजना मंजूर केली व ती १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आली.

या योजनेनुसार प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने अन्य रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करावयाची असून आरक्षित खाटांवरील रुग्णांचा खर्च त्यातून भागवावयाचा असतो. निर्धन रुग्ण आणि दुर्बल घटक यांच्यासाठी वार्षिक उत्पन्नाच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरविण्यात आल्या. पुढे वेळोवेळी वाढवून त्या अनुक्रमे १,८०,००० व ३,६०,००० रुपये करण्यात आल्या. उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील असल्याचे पत्र चालते. आपत्कालीन रुग्णास प्रथम दाखल करून घ्यावे, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत आणि निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागू नये, असे योजनेत स्पष्ट म्हटले आहे. देखरेखीचे काम धर्मादाय आयुक्तांकडे आहे. तरीही २०२५ साली पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने गरोदर स्त्रीच्या नातेवाइकांकडे मोठी अनामत रक्कम मागितल्याचा आरोप झाला, तिच्या मृत्यूनंतर चौकशी झाली आणि आपत्कालीन रुग्णांकडून अशी रक्कम न मागण्याविषयी धर्मादाय रुग्णालयांना पुन्हा बजावण्यात आले. जवळपास वीस वर्षांपूर्वीच्या अटीची पुन्हा आठवण द्यावी लागणे, हे या नियमनाच्या दुर्बलतेचे लक्षण होय.

सेवा अखंड राखण्याची तरतूद : रुग्णालय उघडे असूनही त्यातील कर्मचारी कामावर नसतील, तर रुग्णाचा प्रवेश व्यर्थ ठरतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याच्या पहिल्या अनुसूचीत रुग्णालये व दवाखाने यांचा अंतर्भाव असल्याने शासनास ती लोकोपयोगी सेवा म्हणून घोषित करता येत असे. तसे केल्यावर पूर्वसूचनेवाचून तेथे संप करता येत नसे. रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे की नाही, यावर १९७० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात वाद झाला व १९७८ च्या बंगलोर जलप्रदाय प्रकरणातील निर्णयाने तो होकारार्थी सुटला. नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली असून पूर्वसूचनेची अट आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली आहे. याखेरीज महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियमाखाली (मेस्मा) राज्य शासन आदेश काढून संपास मनाई करू शकते. हा कायदा मुदतीचा असल्याने तो वेळोवेळी नव्याने करावा लागतो. मार्च २०२३ मध्ये, शासकीय कर्मचाऱ्यांचा जुन्या निवृत्तिवेतनासाठीचा संप चालू असतानाच, विधिमंडळाने तो पुन्हा संमत केला.

संपबंदीच्या जोडीने कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो. वैद्यकांवरील हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र अधिनियम केला. रुग्णालयातील हिंसाचारास त्याखाली तीन वर्षांपर्यंत कारावास व ५०,००० रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा असून मालमत्तेच्या हानीची दुप्पट भरपाई वसूल करता येते. मार्च २०१७ मध्ये अशाच हल्ल्यांच्या निषेधार्थ निवासी वैद्यकांनी राज्यभर सामूहिक रजा घेतली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि शासकीय रुग्णालयांत सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन शासनास द्यावे लागले. असुरक्षित व अपुऱ्या मनुष्यबळावर चालणारी सेवा केवळ संपबंदीने अखंड राहत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

साथीच्या काळातील दरनियंत्रण : कोविड–१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांवर प्रथमच व्यापक नियंत्रण आणले. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खाजगी व धर्मादाय रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटा शासननियंत्रित दरांखाली घेण्यात आल्या. दर दिवसाला साध्या कक्षात ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० रुपये आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये असे हे दर होते. त्यासाठी साथरोग अधिनियम, १८९७, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, मेस्मा, शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम व सार्वजनिक न्यास अधिनियम अशा पाच कायद्यांचा एकत्र आधार घ्यावा लागला. कारण दर ठरविण्याचा निःसंदिग्ध अधिकार त्यांपैकी एकातही नव्हता. देयकांच्या तपासणीसाठी स्थानिक प्रशासनाने लेखापरीक्षक नेमले. जून २०२१ मध्ये शहरांचे तीन वर्ग पाडून साध्या कक्षाचे दर अनुक्रमे ४,०००, ३,००० व २,४०० रुपये करण्यात आले.

ही उपाययोजना कायमची नव्हती. ज्यांना कोविड झालेला नाही, अशा रुग्णांसाठी खाजगी रुग्णालयांचे दर ठरविण्याचा अधिकार राज्यास या कायद्यांखाली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. साथ ओसरल्यावर नियंत्रित दरही संपले. आपत्तीत जे शक्य झाले ते एरवीच्या काळात चालू ठेवावयाचे, तर त्यासाठी स्वतंत्र कायदा लागेल, हा या निर्णयाचा निष्कर्ष होय.

शासकीय विमा : कारखान्यांतील कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ याखाली अंशदानावर आधारलेली वैद्यकीय सेवा सुरू झाली [→ कामगार विमा]. जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार तीत येतात. असंघटित व गरीब कुटुंबांसाठी महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी प्रत्येक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयाने ते पाच लाख रुपये करून राज्यातील सर्व कुटुंबांना खुले करण्यात आले. हे उपचार अंगीकृत रुग्णालयांतच मिळतात. खाजगी रुग्णालयाने अंगीकृत व्हावे की नाही, हे मुख्यतः त्याच्या इच्छेवर असते. शासन देत असलेले दर परवडत नसल्यास ते बाहेर राहते व तेथे हे विमापत्र निरुपयोगी ठरते.

उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्टा : दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारच्या अंबरनाथमध्ये आगपेट्यांचा कारखाना, आयुध निर्माणी आणि पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली. बदलापूर त्यानंतर वाढले. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव–बदलापूरची १,७४,२२६ होती. म्हणजे लोहमार्गावरील दहा–बारा किमी.च्या पट्ट्यात नऊ लाखांहून अधिक लोक राहत होते.

या पट्ट्यातील शासकीय रुग्णसेवेचा मुख्य भार उल्हासनगर येथील मध्यवर्ती रुग्णालयावर आहे. विमाधारक कामगारांसाठी उल्हासनगर येथेच कर्मचारी राज्य विमा रुग्णालय आहे. अंबरनाथ येथे डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय व बदलापूर येथे ग्रामीण रुग्णालय आहे. साथीच्या काळात अंबरनाथ नगरपरिषदेस चिखलोली येथील दंत महाविद्यालयाच्या इमारतीत कोविड रुग्णालय उभारावे लागले. २०२४ साली राज्यात सुरू झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक अंबरनाथ येथे आहे. स्थानिक रुग्णालयांत ज्यावर उपचार होऊ शकत नाहीत, असा रुग्ण कळवा येथील ठाणे महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे किंवा मुंबईतील शीव, परळ व भायखळा येथील मोठ्या रुग्णालयांकडे पाठविला जातो. मुंबई अंबरनाथपासून लोहमार्गाने सु. ६० किमी. आहे. कळवा येथील सु. ५०० खाटांच्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण मृत्यू पावले व शासनाने चौकशी समिती नेमली. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलविल्याने त्या काळात कळव्यावरील भार वाढलेला होता. एका रुग्णालयाची खाट कमी झाली की तिचा ताण दूरच्या दुसऱ्या रुग्णालयावर पडतो, हे त्यावरून लक्षात येते.

अंबरनाथमधील बुवापाड्यासारख्या दाट वस्तीतील रुग्णाच्या बाबतीत पूर्वोक्त सर्व कायदे एकाच वेळी प्रस्तुत ठरतात. कायम कामगाराचे कुटुंब राज्य विमा रुग्णालयात जाऊ शकते. त्याच कारखान्यात कंत्राटावर असलेल्या कामगाराची नोंदणी झालेली नसल्यास त्याला तो मार्ग बंद असतो. जवळचे खाजगी रुग्णालय न्यासाचे असल्यास तेथे आरक्षित खाट मागता येते, खाजगी मालकीचे असल्यास नाही. ते अंगीकृत असल्यास शासकीय विमा चालतो, नसल्यास रोख रक्कम भरावी लागते. जीव धोक्यात असताना उपचाराचा हक्क सर्वत्र आहे. प्रकृती स्थिर झाल्यावर पुढील उपचार कोठे मिळणार, हे मात्र रुग्णालयाची मालकी, कामगाराची नोंदणी आणि घरातील कागदपत्रे यांवर ठरते. रुग्णवाहिकेत बसण्याच्या घाईत या गोष्टींची चौकशी कोणी करू शकत नाही.

इतर देश व राज्ये : अमेरिकेत १९४६ च्या हिल–बर्टन कायद्याने रुग्णालयांच्या बांधकामास अनुदान देऊन त्या बदल्यात गरिबांवर उपचार करण्याची अट घालण्यात आली. तिचे महाराष्ट्रातील धर्मादाय योजनेशी साम्य आहे आणि तिची अंमलबजावणीही दीर्घकाळ ढिली राहिली. १९८६ साली तेथे आपत्कालीन उपचारांचा स्वतंत्र कायदा झाला. वृद्धांच्या शासकीय विम्यात सहभागी असलेल्या रुग्णालयाने आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येकाची तपासणी करावी व ऐपत न पाहता त्याची प्रकृती स्थिर करावी, असे त्याचे स्वरूप आहे. ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापून खर्चाचा प्रश्न करांच्या उत्पन्नातून सोडविला. भारतात राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्यहक्क अधिनियम संमत केला. आगाऊ रक्कम न घेता आपत्कालीन उपचार देणे व खर्चाची भरपाई शासनाने करणे ही त्यातील प्रमुख तरतूद होय. भरपाईच्या खात्रीविषयी शंका घेऊन तेथील खाजगी वैद्यकांनी तीव्र विरोध केला व वाटाघाटींनंतरच तो शमला.

मूल्यमापन : रुग्णालयीन सेवांच्या कोणत्याही नियमनात तीन प्रश्नांची उत्तरे असावी लागतात : कर्तव्य कोणावर आहे, त्याचा खर्च कोण देणार आणि पालन होते की नाही हे कोण पाहणार. महाराष्ट्रातील व्यवस्थेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहे. दुसऱ्याचे उत्तर धर्मादाय निधी, कामगार विमा, जीवनदायी योजना व अपघात योजना अशा अनेक तुकड्यांत विभागलेले आहे; त्यांच्या सांध्यांतून निसटणारा रुग्ण बहुधा असंघटित कामगार असतो. तिसरा प्रश्न सर्वांत दुर्बल आहे. नोंदणी एका कार्यालयाकडे, खाटांचे आरक्षण धर्मादाय आयुक्तांकडे, विम्याची तक्रार राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे, सेवेतील त्रुटी ग्राहक आयोगाकडे व वैद्यकाचे गैरवर्तन वैद्यक परिषदेकडे, अशी ही विभागणी आहे. यांपैकी बहुतेक ठिकाणी दाद घटनेनंतर मागावी लागते. रात्री दोन वाजता दाखल करून घेण्यास नकार मिळालेल्या रुग्णासाठी त्याच घटकेस हस्तक्षेप करू शकेल असा अधिकारी कायद्याने नेमलेला नाही. निःशुल्क क्रमांक, रिकाम्या खाटांची तत्काळ कळणारी माहिती आणि स्थानिक पातळीवरील पर्यवेक्षक या सोयी ज्या प्रमाणात प्रत्यक्षात येतील, त्या प्रमाणात न्यायालयांनी मान्य केलेला हक्क रुग्णालयाच्या दारात उपयोगी पडेल. त्याचबरोबर नियमनाने खाटा निर्माण होत नाहीत, हेही लक्षात घेणे अवश्य आहे. शासकीय रुग्णालयांत पुरेशा खाटा, वैद्यक व परिचारिका नसतील, तर सर्वांत कडक नियमही रुग्णास एका दारातून दुसऱ्या दाराकडे पाठविण्यापलीकडे फारसे काही साधू शकत नाहीत.